घरासमोर रस्त्याचं काम चालू आहे, गेटपाशी उभं राहून नेमकं काय बघायचं?

प्रश्न एका निवृत्त शिक्षिकेचा आहे. तालुक्याच्या गावातली कॉलनी, सहा मीटर रुंदीची आणि दीडशे मीटर लांबीची गल्ली, दोन्ही बाजूंना बंगले. तीन वर्षांपूर्वी केलेलं डांबर पहिल्याच पावसाळ्यात उखडलं. आता काम पुन्हा मंजूर झालंय आणि पुढच्या आठवड्यात मशिनं येणार आहेत. त्या विचारतात, "मी दिवसभर घरीच असते. मला यातलं काही कळत नाही. गेटपाशी उभं राहून काय बघितलं म्हणजे काम नीट चाललंय की नाही ते समजेल? आणि मी काही बोलले तर ते लोक ऐकतील का?"

ताई, मी एकतीस वर्षं रस्त्यांच्या कामांवर काढली. सुरुवातीला ठेकेदाराकडे सुपरवायझर होतो, नंतर गुणनियंत्रणाच्या प्रयोगशाळेत गेलो. तेवढ्या अनुभवावर सांगतो, तुम्हाला यातलं काही कळत नाही हे मला मान्य नाही. तुमच्या गल्लीत पाऊस झाला की पाणी कुठे थांबतं, कुणाच्या फाटकातून आत शिरतं, गटाराच्या कुठल्या तोंडाशी कचरा अडकतो, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. इंजिनिअर मात्र बहुतेक वेळा उन्हाळ्यात येतो, खडखडीत कोरड्या रस्त्यावर उभा राहून मोजमाप घेतो आणि जातो. आणि गल्लीतला डांबरी रस्ता वाहनांच्या वजनाने मरतो त्याहून जास्त पाण्याने मरतो. तुमच्याकडे असलेली माहिती म्हणजे या कामातली सगळ्यात मोलाची माहिती आहे. फक्त ती वेळेवर, मशिनं यायच्या आधी, योग्य माणसापर्यंत पोचली पाहिजे.

पाणी नेमकं काय करतं ते आधी समजून घ्या. खडीच्या प्रत्येक दाण्यावर डांबराचा पातळ थर असतो आणि त्या थरामुळे खडी एकमेकीला धरून राहते. वरच्या फटीतून पाणी आत शिरतं. त्यावरून टायर गेला की ते पाणी जोराने दाबलं जातं आणि डांबर व दगड यांच्या मध्ये घुसतं. असं हजार वेळा झालं की डांबर दगडावरून सुटतं. मग एक खडी निघते, तिच्या शेजारची निघते आणि खड्डा तयार होतो. आपल्याकडचा काळा पाषाण या बाबतीत उजवा आहे, ग्रॅनाइट किंवा क्वार्ट्झाइटपेक्षा डांबर त्याला जास्त घट्ट धरतं. पण पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर तोही हार मानतो. शिवाय तेच पाणी खाली उतरून मुरूम भिजवतं. पाया मऊ पडला की वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खचणारच.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. तुमच्याकडे पावसाळ्यातले फोटो असतील तर ते काढून ठेवा. शेजारच्यांनाही मागा, कुणी ना कुणी साचलेल्या पाण्याचा व्हिडिओ काढलेलाच असतो. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीतून एक चक्कर मारा. बाकीचे दिवस कोरडी असलेली जागा पाण्याच्या दिवशीच ओली दिसली, तर तिथे खालची पाइपलाइन गळते आहे. त्या जागेवर कितीही उत्तम डांबर टाका, ते टिकणार नाही. अशा जागांवर खडूने किंवा चुन्याने खूण करा आणि सांगा, "आधी ही गळती काढा."

खालच्या लाइनींचा प्रश्न तर नवीन रस्त्याचा सगळ्यात मोठा वैरी. पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, केबल यातलं काही पुढच्या वर्षभरात येणार असेल तर ते आत्ताच विचारा. तुमच्या स्वतःच्या घराचं नळकनेक्शन जुनं, गंजलेलं असेल तर तेही रस्ता होण्याआधी बदलून घ्या. एकदा डांबर पडलं आणि कुणी चर खोदला की तो रस्ता पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. चर खोदायला कुणाची हरकत नसते, पण तो बुजवताना घाई होते. निघालेली माती एका दमात ढकलून देतात आणि वरून एकदा जेसीबीचं बकेट आपटतात. चर वीतभर जाडीच्या थरांनी भरायचा असतो. प्रत्येक थराला थोडं पाणी मारून धुमसाने किंवा छोट्या कंपन-यंत्राने ठोकायचं असतं. तसं केलं नाही तर पहिल्या पावसात माती बसते आणि रस्त्याच्या मधोमध लांबलचक पन्हळ तयार होते. तुमच्या गल्लीत आधीच खचलेले असे चर असतील तर त्यांच्यावर नुसता डांबराचा थर नको, आधी ते उकरून नीट भरायला सांगा.

आता उंचीचं बघू, कारण याचा त्रास थेट घराला होतो. जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असं करत वीस वर्षांत कित्येक गल्ल्या फूट-दीड फूट वर आल्या आणि घरं खड्ड्यात गेली. फाटकाची पायरी नाहीशी होते आणि पावसाचं पाणी अंगणात येतं. आजच तुमच्या गेटच्या खांबावर, सध्याच्या रस्त्याच्या पातळीला, रंगाची एक आडवी रेघ मारा आणि फोटो घ्या. जुना थर मशिनने खरवडून काढणार आहेत की त्याच्यावरच टाकणार आहेत, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. खरवडणार नसतील तर किती मिलिमीटर वाढणार ते विचारा. चेंबरची झाकणं आधी नव्या पातळीला उचलून घेतली पाहिजेत. डांबर झाल्यावर उचलायला गेले की भोवतीचं सगळं फुटतं आणि पुढचा खड्डा बरोबर तिथेच पडतो.

रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता हवा. याला आम्ही कॅम्बर म्हणतो. पावसाळी भागात डांबरी रस्त्याला अडीच टक्क्यांपर्यंत उतार देतात. तुमची गल्ली सहा मीटरची, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तीन मीटर. तीन मीटरला अडीच टक्के म्हणजे साडेसात सेंटिमीटर, जवळजवळ तीन इंच. हे डोळ्यांना दिसतं. दोन्ही कडांवर दोघांना दोरी ताणून धरायला सांगा, मधोमध रस्ता दोरीला टेकला पाहिजे आणि कडेला चांगली चार बोटं जागा राहिली पाहिजे. ही तपासणी डांबर पडायच्या आधी, खालच्या खडीच्या थरावर करायची. तिथे उतार नसेल तर वरच्या पातळ थराने तो येत नाही.

हे आकडे मी मनचे सांगत नाही. रस्त्यांची मानकं ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ साली स्थापन झाली. तिच्यामागे १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीची शिफारस होती आणि त्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. तुम्ही शिक्षिका, म्हणून मुद्दाम सांगितलं.

डांबराचा दिवस उजाडला की पहिली गोष्ट बघायची ती झाडलोट. धूळ हा चिकटपणाचा शत्रू. खराटा मारून भागत नाही, हवेच्या दाबाने धूळ उडवली पाहिजे. त्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांना गाड्या हलवायला सांगा. एखादी गाडी जागेवरच राहिली की मजूर तेवढा चौकोन सोडून पुढे जातात, आणि नंतर हाताने भरलेला तो चौकोन सगळ्यात आधी उखडतो.

स्वच्छ केलेल्या पृष्ठभागावर टॅक कोट मारतात. जुन्या आणि नव्या थराला जोडणारा हा गोंद समजा. चौरस मीटरला साधारण पाव किलो, फवाऱ्याने, सगळीकडे सारखा. हे इमल्शन असतं, म्हणजे पाण्यात बारीक मिसळलेलं डांबर. मारताना ते चॉकलेटी दिसतं. थोड्या वेळाने त्यातलं पाणी सुटतं आणि रंग काळा होतो. ताई, गेटपाशी उभं राहून हा रंग बदलताना बघा. आधी कडांना, मग ठिपक्या-ठिपक्यांनी, मग सगळा पट्टा काळा होतो. बोट लावून बघितलं तर काळा चिकट डाग बोटाला येतो, तपकिरी पाणी येत नाही. तो काळा झाल्यावरच वर माल, म्हणजे डांबर मिसळलेली गरम खडी, पडायला हवा. घाईत चॉकलेटी असतानाच माल ओतला तर आत पाणी कोंडलं जातं.

याबाबत माझ्या हातून झालेली एक चूक अजून मला टोचते. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एका गावात संध्याकाळ होत आली होती, मालाच्या दोन गाड्या येऊन उभ्या होत्या आणि थंड होत होत्या. शेवटच्या साठ-सत्तर मीटरवर बैलगाड्यांनी आणलेली माती पसरली होती. मी ती नीट काढून घेतली नाही आणि टॅक कोट बादलीने शिंपडू दिला. रस्ता दिसायला सुंदर झाला. दोन महिन्यांनी मला तिथे बोलावलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी खाली वाकून कडेचा तुकडा उचलला. भाकरीचा पापुद्रा निघावा तसा हातभर थर अलगद वर आला. त्याच्या खालच्या बाजूला तीच माती चिकटलेली होती, वाळलेली, पिठासारखी. डांबर चांगलं होतं, खडी चांगली होती, मापाने जाडीही बरोबर होती. त्या दिवसानंतर मी झाडल्याशिवाय एकही मीटर पुढे जाऊ दिला नाही. तुमचा मागचा रस्ता कसा उखडला ते आठवून बघा. मोठे पापुद्रे निघाले असतील तर दोष बहुतेक धुळीचा किंवा टॅक कोटचा. एकेक खडी सुटत गेली असेल तर माल थंड होता, डांबर कमी होतं किंवा पाणी साचत होतं. जमीनच खाली बसली असेल तर पाया किंवा चर.

आता माल. हॉटमिक्स प्लांटमधून तो साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतो. नेहमीच्या व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश हवा आणि रोलिंग ९० अंशाच्या खाली जायच्या आत संपलं पाहिजे. साइटवर थर्मामीटर असतो, असायलाच हवा. "साहेब, या गाडीचं टेंपरेचर किती आलं?" एवढं नुसतं विचारलं तरी माणसं सावध होतात. गाडीवर ताडपत्री झाकलेली आहे का बघा. ताडपत्री उघडल्यावर ढिगाकडे नजर टाका. निळसर धूर निघत असेल तर माल जळालाय, त्यातलं डांबर ठिसूळ झालंय. पांढरी वाफ निघत असेल तर खडी ओली होती. ढीग ताठ, टोकदार आणि वरून कडक झालेला असेल तर माल थंड आहे. चांगला माल काळा, चमकदार दिसतो आणि फावडं सहज जातं. चार सेंटिमीटरचा थर पसरल्यावर फार वेळ गरम राहत नाही. वारा असेल किंवा रात्रीचं काम असेल तर पंधरा-वीस मिनिटांत हातचा जातो. म्हणून रोलर पेव्हरच्या, म्हणजे माल पसरणाऱ्या मशिनच्या, मागोमाग हवा. रोलरवाला चहाला गेला आणि पेव्हर पुढे चाललाय, असं दिसलं तर तेवढ्यापुरतं जरूर बोला.

गाड्या मोजा. ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे. दाबून बसलेला माल घनमीटरला साधारण २.४ टन भरतो. ४० मिलिमीटर जाडीचा थर धरला तर चौरस मीटरला ९५ किलोच्या आसपास. तुमची गल्ली १५० गुणिले ६ म्हणजे ९०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८६ टन. गाडीत १६ टन माल येत असेल तर साडेपाच गाड्या लागल्या पाहिजेत. तीन गाड्यांत गल्ली आटोपली तर जाडी २२-२३ मिलिमीटरच पडली, याला वेगळा पुरावा लागत नाही. प्रत्येक गाडीबरोबर वजनकाट्याची पावती असते, ती बघायला मागा. अंदाजपत्रकात कोणता थर आहे ते मात्र आधी विचारून घ्या. पुष्कळ गल्ल्यांना ४० मिलिमीटरचा दाट थर नसतो, २० मिलिमीटरचं कार्पेट आणि त्यावर सीलकोट, म्हणजे छिद्रं बुजवणारा पातळ थर, असतो. कार्पेट हे मुळात सच्छिद्र असतं, पाणी त्यातून आरपार जातं. त्याच्यावर सीलकोट लगेच झाला पाहिजे. "सील नंतर मारू" म्हणून गेलेली माणसं पावसाळा आला तरी परतली नाहीत, असे रस्ते मी पाहिलेत. यावर मात्र अडून बसा.

कडेला आणि चेंबरभोवती माल हाताने पसरतात. तिथे फावड्याने लांबून भिरकावला की जाड खडी वेगळी पडते आणि बारीक वेगळा, जागा भोकाभोकांची दिसते. अशा जागा रोलर फिरायच्या आत बारीक माल घालून भरता येतात, नंतर नाही. रोलर कडेपासून मध्याकडे यायला हवा, सावकाश, माणसाच्या चालीने, आणि गरम थरावर उभा करून ठेवायचा नाही. रोलरच्या चाकांना माल चिकटू नये म्हणून पाणी सोडतात. काही ठिकाणी त्याऐवजी डिझेल मारतात. डिझेल डांबराला विरघळवतं. डब्यातून डिझेलचा वास आला तर सुपरवायझरला ताबडतोब सांगा, ही बारीक बाब नाही. रोलरच्या खुणा पूर्ण मिटेपर्यंत फेऱ्या व्हायला हव्यात. थर निवेपर्यंत तुमच्या गल्लीतल्या मुलांनी त्यावर दुचाकी घालू नये, हे बघणं तुमच्या हातात आहे.

ढग भरून आले किंवा रस्ता ओला असेल तर काम थांबायलाच हवं. ओल्यावर गरम माल टाकला तर तो बसत नाही. आणि पावसात खड्ड्यातल्या पाण्यातच माल ओतताना दिसले तर त्या खड्ड्याची डागडुजी झाली असं समजू नका. खड्डा नीट बुजवायचा तर चौकोनी कापायचा, कडा उभ्या करायच्या, आतलं पाणी आणि सैल माल काढायचा, कडांना टॅक कोट लावायचा, मग भरून ठोकायचा.

तुमच्याकडे काँक्रीट होणार असेल तर थोडक्यात सांगतो. दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने आडवे सांधे कापले गेले पाहिजेत, नाहीतर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं. आणि किमान चौदा दिवस गोणपाट ओलं राहिलं पाहिजे. पाणी मारणारा माणूस चौथ्या दिवसापासून यायचा बंद होतो, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी पाळी लावून पाणी मारलेली एक वस्ती मला माहीत आहे. तिथल्या रस्त्याच्या पृष्ठभागाची आजही भुकटी होत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ऐकतील का. ऐकतात, पण कुणाशी आणि कधी बोलता त्यावर आहे. फावडं मारणाऱ्या माणसाला बोलून काही होत नाही, तो सांगितलं तसं करतो. दीडशे अंशाच्या मालाशेजारी, उन्हात, पायात साध्या चपला घालून ही माणसं उभी असतात. अनेकदा नवरा-बायको दोघंही कामावर, आणि लेकरू कडेला झाडाखाली झोळीत. त्यांना सकाळी प्यायचं पाणी आणि सावलीला जागा द्या. हे माणुसकीनं करायचं, त्याबदल्यात काही मिळवायला नाही. बोलायचं ते मुकादमाशी किंवा सुपरवायझरशी, आणि शक्य असेल तर कामावरच्या कनिष्ठ अभियंत्याशी. काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी भेटा. "तुम्ही चोर आहात" या सुरात नको. "इथे पाणी साचतं, हे फोटो बघा, इथे पाइप गळतो" असं म्हणा. मी साइटवर असताना एका आजींनी मला असंच अडवून गटाराचं बुजलेलं तोंड दाखवलं होतं. नकाशात ते नव्हतंच. आम्ही ते उघडलं, आणि त्या कोपऱ्यावर नंतर मला कधीच जावं लागलं नाही.

तोंडी ऐकलं नाही तर लेखी द्या. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा लोकांना कागद मागण्यापुरताच ठाऊक असतो. त्याच्या दुसऱ्या कलमातच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची पानं, चाचणी अहवाल आणि दोषदायित्वाचा कालावधी किती, या चार गोष्टी मागा. शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. लोकांना ती मुदत माहीतच नसते आणि ती निघून जाते. पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७६ च्या सुमारास रेकॉन्डो कंपनीने बांधला तो दहा वर्षांची हमी देऊन, आणि हमी संपल्यावरही कित्येक वर्षं लोक त्याचं उदाहरण देत राहिले. डांबर, खडी, पाऊस, सगळं तुमच्या-आमच्यासारखंच होतं.

काम झाल्यावर पहिल्या मोठ्या पावसाची वाट बघा. पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासाने छत्री घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जा आणि सगळ्यात शेवटी कुठली जागा वाळते ते बघा. तिथे खडूने गोल काढा, तारखेसह फोटो घ्या आणि त्याच आठवड्यात दोषदायित्वाचा उल्लेख करून अर्ज द्या, पोच घेऊन. एवढ्यात ती जागा दुरुस्त करायला एक घमेलं माल पुरतो.